खिशातलं येसर

मुलीचं होणारं सासर पाहायला गेलो आणि जेवताना यजमानांची नजर चुकवून त्यांनी वाढलेल्या आमटीत खिशातली पूड टाकली. एवढंच केलं. बाकी त्या दिवशी मी बरा वागलो असं माझं मत आहे. बायकोचं वेगळं आहे.

पूड कसली होती ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढं बऱ्याच लोकांना त्या पुडीचा संशय आला आणि वाचणाऱ्यानं त्यांच्यात सामील होऊ नये असं मला वाटतं. ते येसर होतं. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ हे वेगवेगळं खमंग भाजायचं, त्यात धने, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी भाजून घालायची आणि सगळं मिळून दळायचं. ही पूड पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत ओतली की जी होते ती येसराची आमटी. आमच्या जालन्याकडं लग्न ठरलं की घरातल्या बायका जमून आधी येसर करतात, मग बाकीच्या खरेदीचं बघतात. पंगतीत ताटात भाकरी कुस्करून मधे खळगं करून बसायचं. वाढणारा बादली घेऊन येतो, "सरका, गरम हाय" म्हणतो आणि त्या खळग्यात ओतून पुढं जातो. पहिल्या घासाला नाकातून पाणी आलं पाहिजे. नाही आलं तर वऱ्हाडी नवरीच्या बापाकडं पाहायला लागतात.

माझा जन्म केदारखेड्याचा. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकीची. आता रिटायर होऊन जालन्यात घर केलंय. नोकरीत एकदा मंठ्याला बदली झाली, तर तिथं मी वर्षभर कुरकुर करत होतो की इकडच्या येसरात धने जास्त पडतात. मंठा जालना जिल्ह्यातच आहे. तेव्हा जिल्ह्याबाहेर माझं काय होत असेल याचा अंदाज यावा.

बाहेरचं ताट समोर आलं की मी ते आधी चोरीच्या मालासारखं तपासतो. रंग बघतो, वर तरंगणारं तेल बोटानं बाजूला करून खाली काय दडवलंय ते बघतो. पुण्यात एका खानावळीत मी वाढप्याला विचारलं होतं, "आमटी घट्ट कशानं केली?"

तो म्हणाला, "काका, घट्टच येते."

"येते म्हणजे? कुठून येते?"

त्याला ते सांगता आलं नाही. मी हात धुऊन उठलो आणि दोन केळी खाऊन दिवस काढला. नागपूरला तिखटानं डोळ्यात पाणी आलं तर म्हटलं, नासकं झाकायला तिखट घातलं असंल. नाशकात तिखट कमी लागलं तर म्हटलं, हे तर काही झाकायची बी तसदी घेत न्हाईत. कुणीकडूनही मी सुटत नव्हतो.

याचा मला त्रास व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर मजा येत होती. नातेवाइकांत माझ्या जिभेचा बोलबाला झाला होता. कुणाकडं लग्न असलं की आचारी चमचाभर आमटी घेऊन माझ्यापुढं उभा राहायचा. मी डोळे मिटायचो. डोळे मिटले की माणूस जाणकार दिसतो, हे मी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांकडून शिकलो होतो. मग हळूच म्हणायचो, "मिरी थोडी मागं राह्यली." प्रत्येक ठिकाणी हेच म्हणायचो. आजवर एकाही आचाऱ्यानं न्हाई म्हटलेलं नाही.

पुडीची सवय एका प्रशिक्षणात लागली. दहा दिवस परगावी राहायचं होतं, तेव्हा जाताना थोडं येसर बरोबर नेलं. येसर शिजवावं लागतं हे मला कळतं. पण ते भाजलेलं असतं, त्यामुळं गरम आमटीवर नुसतं भुरभुरलं तरी गावाकडचा वास येतो, आणि माझं वासावर भागतं. तेव्हापासून घराबाहेर पडताना चष्मा, रुमाल आणि येसर. औषधाच्या दुकानात गोळ्या घालून देतात ती कागदाची छोटी पाकिटं असतात ना, वर सकाळ, दुपार, रात्र असे चौकोन छापलेली? बायकोच्या गुडघ्याच्या गोळ्यांची तसली रिकामी पाकिटं मी जपून ठेवायचो. येसर त्यात नेमकं मावतं. या पाकिटाकडं जरा लक्ष असू द्या.

आमची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं तिच्याच ऑफिसातला मुलगा पसंत केला, चिपळूणजवळच्या एका गावचा. मुलगा चांगला. मी आधी भेटून आलो होतो. मला त्याच्याबद्दल एकच शंका आली, की तो ताकात साखर घालतो. मुलगी म्हणाली, "बाबा, ती लस्सी होती."

त्यांच्या घरी मुलाचे आईवडील आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे मुलाची आत्या. आत्यानं लग्न केलेलं नाही. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होती. आईवडील दोघं नोकरीवर, म्हणून मुलाला तिनंच वाढवलं. घरातलं पान तिला विचारल्याशिवाय हलत नाही.

"बाकी सगळे हो म्हणालेत," मुलगी म्हणाली. "आत्या अजून 'बघू' म्हणतीय. ती न्हाई म्हणाली तर तो तिच्या मनाविरुद्ध जाणार न्हाई, आणि मी बी त्याला जा म्हणणार न्हाई. म्हणून हात जोडून सांगते बाबा, तिथं खाण्याबद्दल एक शब्द बोलायचा न्हाई. वाईट बोलायचं न्हाई, आन् चांगलं बी बोलायचं न्हाई. तुमचं चांगलं वाइटापेक्षा वाईट असतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. आणि मला नोंद करून ठेवायची आहे की मी ते शब्दशः पाळलं. खाण्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

त्यांचं घर नेटकं. दारात नारळ, मागं फणस. सोमवार होता म्हणून जेवण शाकाहारी. ताटात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, भाताची मूद, वालाची उसळ, सोलकढी आणि वाटीत आमटी. मुलाचे वडील माझ्यासमोर, बायको शेजारी, मुलगी आणि मुलगा टेबलाच्या टोकाला. आत्या वाढत होती. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. ती वाटीत आमटी ओतायची तीसुद्धा औषध मोजून ओतल्यासारखी.

पहिला घोट घेतला. खोबरं. दुसरा घेतला. आमसूल. तिसऱ्याला माझी खात्री झाली की आत गूळ आहे. आमटीत गूळ! आमच्याकडं गूळ पुरणात असतो, हुरड्याबरोबर असतो. आमटीत सापडला तर कुणाच्या तरी हातून पडला असं समजतात. मी समोर पाहिलं. मुलाचे वडील मिटक्या मारत होते. मला त्यांचाही संशय आला, की पाहुण्यांपुढं देखावा चाललाय.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते उठून पडवीत गेले. मुलाची आई पापड आणायला आत गेली, मुलगी आणि मुलगाही तिच्या मदतीला गेले. आत्याची पाठ होती. मी खिशातून पाकीट काढलं, टेबलाच्या कडेआड धरलं आणि वाटीत उपडं केलं. गडबडीत चिमूटभराऐवजी सगळंच गेलं.

येसर थंड पाण्यात कालवून मग उकळीत सोडतात, ते उगाच नाही. गरम पातळ आमटीवर कोरडं पडलं की त्याच्या गाठी होतात आणि गाठी फुगतात. मी चमच्यानं ढवळत होतो तसतशी वाटीतली आमटी थिजत चालली. थोड्या वेळानं चमचा वाटीत उभा राहिला. मी हात काढून घेतला तरी उभाच.

"काय हो टाकलंत ते?"

आत्या पळी घेऊन माझ्या खांद्यामागं उभी होती. तिची पाठ होती हे खरं, पण समोर कपाटाला आरसा होता हे मी बघितलं नव्हतं.

आता माझ्या अडचणीचा विचार करा. येसर म्हणावं तर कशाला टाकलं हे सांगावं लागणार, ते सांगितलं की खाण्याबद्दल बोलल्यासारखं होणार, आणि मुलीच्या डोक्यावर ठेवलेला हात डोळ्यापुढं. मी म्हणालो, "औषध आहे."

"कशावरचं?"

"पोटावरचं."

"काय होतं पोटाला?"

"जेवण जात न्हाई."

"कधीपासून?"

"लहानपणापासून." आजार जितका जुना तितका लोक कमी खोदतात, असा माझा समज होता. मी नर्सशी बोलतोय हे त्या क्षणी ध्यानातून गेलं.

"घरात आणखी कुणाला?"

"वडिलांना होतं. आजोबांना बी." मी मास्तर. खोटं सांगायला लागलो तरी उदाहरणं देऊन सांगतो.

बायकोनं टेबलाखालून पायावर पाय दिला. तो मला चुकून लागला असं वाटलं.

आत्या वाकून वाटीत बघत होती. "औषध बरंच फुगतंय," ती म्हणाली. "पाकीट बघू."

"संपलं," म्हणून मी ते खिशात कोंबलं. तिनं ते चौकोन छापलेलं पाकीट ओळखलं होतंच. वाटीत आणखी दोन पळ्या आमटी ओतली आणि उभी राहिली. तीही आमटी बघता बघता घट्ट झाली. मी सगळी संपवली. चव कशी होती ते सांगत नाही, शब्द दिलेला आहे.

परत आल्यावर आठ दिवस त्यांच्याकडून फोन नाही. मी बायकोला सांगत होतो की कोकणातली माणसं सावकाश असतात. तुसडेपणाचाही संशय मी बोलून दाखवला. शेवटी त्यांच्या आमटीतल्या गुळावर आलो, की जे लोक आमटीत गूळ लपवतात ते मनात काय काय लपवत असतील. बायको मेथी निवडत होती. ती म्हणाली, "तुमी खिशात काय लपवल्तं?"

नवव्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, तुमाला कसला आजार आहे?"

"मला? बिलकुल न्हाई."

"मंग आत्यानं का विचारलं, की तीन पिढ्या पोटाचा रोग आहे तो आमच्यापासून का लपवला? मुलीला किती टक्के आलाय? रिपोर्ट दाखवा म्हणाली."

मी सगळं सांगितलं.

"मी तिला म्हणाले होते की ते येसर असंल," ती म्हणाली. "ती म्हणाली, मसाला कुणी गोळ्यांच्या पाकिटात ठेवतं का? आणि मसालाच होता तर तुझे वडील खोटं कशाला बोलले? याला माझ्याकडं उत्तर न्हाई बाबा. त्याच्याकडं बी न्हाई. दोन दिवस झाले, तो नीट बोलून नाही राह्यला माझ्याशी." मग म्हणाली, "सगळ्या गावाला तुमच्या जिभेचं कौतुक. त्या जिभेपायी माझं लग्न मोडून राह्यलं."

तिनं फोन ठेवला. ती लहानपणी रडायची तेव्हा आवाज चढवून रडायची. या खेपेला आवाज अगदी सपाट होता. मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं, की ते समोरचं ताट गुपचूप जेवायला काय हरकत होती? लाखो लोक जेवतात. कुणी मेल्याचं ऐकलेलं नाही.

बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि सरळ आत्याला लावला. दोघींचं काय बोलणं झालं ते कळलं नाही, ती आतल्या खोलीत जाऊन बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "रविवारी येऊन राह्यले सगळे. त्यान्ला म्हणलं, डोळ्यानं बघा, मंग काय ते ठरवा."

ते आले. मुलगा आणि मुलगी पुण्याहून त्यांना गाडीनं घेऊन आले. आत्या उतरली ती हातात एक पिशवी घेऊन. मी पुढं होऊन "द्या, धरतो" म्हणालो, तर तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पाणी झालं, आणि चहा यायच्या आत पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र निघालं, साखर तपासायचं निघालं.

"बोट द्या."

दिलं. टोचलं. साखर बरोबर. दाब थोडा जास्त, पण आत्याच म्हणाली की तो मला बघून असेल. मग म्हणाली, "झोपा." दिवाणावर झोपलो. तिनं चार बोटांनी पोट दाबून बघितलं.

"इथं दुखतं?"

"न्हाई."

"इथं?"

"गुदगुल्या होतात."

मुलाचे वडील छताचा पंखा बघत होते. मुलाची आई आमच्या लग्नाचा फोटो बघत होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिनं माझ्याकडं जे पाहिलं त्यावर मी गुदगुल्यांबद्दल पुन्हा बोललो नाही.

आत्यानं यंत्रं पिशवीत भरली. "वरून तरी काही दिसत नाही," ती म्हणाली. "आत काय आहे देव जाणे."

मुलाच्या आईला राजूरच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. आत्या म्हणाली, "मला गाडीत बसून कंटाळा आलाय, तुम्ही जाऊन या." म्हणून ती घरी बायकोजवळ राहिली आणि बाकीच्यांना घेऊन मी राजूरला गेलो. निघताना मला ते खटकलं. नर्स आणि माझी बायको, दोघी एका स्वयंपाकघरात, आणि मी घराबाहेर. माझ्याबद्दल नक्कीच उलटतपासणी होणार.

राजूरला दर्शनाच्या रांगेत मुलाचे वडील हळूच माझ्याजवळ सरकले. "आपण दोघंच आहोत," ते म्हणाले. "खरं काय ते सांगा. मी ताईला सांगणार नाही."

"येसर," मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. "म्हणजे आयुर्वेदिकच ना?"

मी गणपतीला हात जोडले.

परत आलो तर दारातच वास आला. लसूण, मिरी, भाजलेली बाजरी. माझ्या जिवात जीव आला. पण स्वयंपाकघरात दोघी खुसखुसत होत्या आणि मी डोकावलो तशा गप्प झाल्या. आपल्या घरात बायका आपल्याला बघून गप्प होतात तेव्हा विषय दुसरा कुठला नसतो. बायको म्हणाली, "बसा तुमी. वाढते."

मुलगी माझ्याजवळ आली. "बाबा, आज बोला," ती हळू म्हणाली. "आज तेवढ्यासाठीच हे सगळे आलेत. येसर काय असतं ते त्यांना पटू दे. जल्दी नका करू, नीट सांगा."

मला दुसरं काय पाहिजे होतं?

खाली सतरंजीवर पंगत बसली. पाहुण्यांना मी भाकरी कुस्करून खळगं कसं करायचं ते दाखवलं. मुलाचे वडील शाळेतल्यासारखं बघून करत होते. बायकोनं आमटी वाढली. मी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. सगळे थांबले असणार, कारण चमचा वाजला नाही.

"याला येसर म्हणतात," मी म्हणालो. आणि बोलत सुटलो. ही चव जालन्याच्या मातीत उतरते. हे धान्य, हे पाणी, हा हात, यातलं एक बदललं की जीभ लगेच सांगते. आमच्या घरात ही आमटी चार पिढ्या एकाच हातवळणाची चालत आली आहे. बाहेरच्या बाईला डबाभर येसर दिलं तरी हे जमायचं नाही, कारण ते शिकून येत नाही. एकदा या चवीची सवय झाली की माणूस बाहेरच्या जेवणाला कायमचा मुकतो, तो काय करणार बिचारा, पुडी ठेवतो खिशात. एवढाच माझा आजार. मग मी आत्याकडं वळलो. तिला वाईट वाटू नये म्हणून अगदी गोड आवाजात म्हणालो, "तुमच्या आमटीत गूळ होता, तो मी तिसऱ्या घोटाला पकडला होता. आता यात बघा. गुळाचा कण बी न्हाई. कशी स्वच्छ चव लागून राह्यली."

आत्या जेवत होती. तिनं मान डोलावली.

"आणि हे वांग्याचं भरीत," मला आता कुणी थांबवत नव्हतं, "हे तुमी केलेलं दिसतंय. न्हाई, चांगलं आहे. पण घास तोंडात गेला की कळतं, हात परका आहे. थोडा समुद्राकडचा वास मारून राह्यलंय."

मुलगी ताटात खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतीय. माझ्या बोलण्यानं भरून आलं असेल.

"भरीत मी केलंय," बायको म्हणाली. "एकतीस वर्षं झाली, हेच खाऊन राह्यले तुमी."

मी घास तसाच धरून बसलो. "मंग आमटी?"

"यांनी केली. मी फक्त डबा काढून दिला. त्या म्हणाल्या, पूड कशी जाते ते मला माझ्या हातानं बघायचंय, संशय फिटू दे एकदाचा. मंग कालवली, फोडणीला टाकली, सगळं त्यांनीच केलं. एकदा विचारलं नुसतं, पाणी किती."

"आणि सुपारीएवढा गूळ घातलाय," आत्या म्हणाली. "सवयीनं पडला. काढणार होते, ह्या म्हणाल्या असू द्या, कळतंय का बघू."

मी बायकोकडं बघितलं. ती मला आणखी आमटी वाढत होती. गेल्या एकतीस वर्षांत माझ्या ताटात काय काय पडलं असेल आणि मी कशाकशावर डोळे मिटले असतील, असा एक भलताच विचार डोक्यात आला. तो मी अजून पूर्ण केलेला नाही. चमचा घेऊन उभे राहिलेले ते सगळे आचारी आठवले. मी मिरी मागं राहिली म्हणायचो तेव्हा ते मान डोलवायचे. आता मला त्यांच्या मान डोलवण्याचा संशय येतो.

मुलाचे वडील खळग्यातली आमटी भाकरीनं पुसून घेत होते. त्यांच्या नाकातून पाणी येत होतं. त्यांनी रुमाल काढला आणि बहिणीला विचारलं, "ताई, मग? काय ठरवायचं?"

मुलीचे खांदे हलायचे थांबले. ती मुलाकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. आत्याच्या हाताकडं बघत होती. आत्यानं घास संपवला, पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि माझ्या बायकोकडं वळून म्हणाली,

"तारीख काढा हो. पोटाचं काही नाही यांच्या. जीभच अधू आहे. मुलगी आईवर गेलीय, ते एक बरं झालं."